अंधारात हाताला कळतं तरी कसं

परवा रात्री अचानक लाईट गेले तेव्हा मी खिडकीपाशी उभी होते, तोंड बाहेर. मोबाईल खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला टेबलावर, मधे पलंग आणि पलंगाच्या कोपऱ्यापाशी संध्याकाळी मीच सरकवलेली खुर्ची. मिट्ट काळोख, स्वतःचा हात दिसत नव्हता. तरी मी वळले, पलंगाच्या कडेने चार पावलं गेले, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला, तिला वळसा घातला आणि हात पुढे केला तर मोबाईल बरोबर बोटांखाली. चाचपडावं लागलंच नाही. खिडकीकडे तोंड होतं तेव्हा खुर्ची पाठीमागे होती, वळले तशी ती समोर आली, वळसा घातला तशी डाव्या अंगाला गेली आणि या सगळ्यात "आता खुर्ची कुठे असेल बरं" असा विचार मी एकदाही केला नव्हता.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. कारण नीट बघितलं तर काम सोपं नाहीये हे. वस्तू जागच्या जागी असतात हो, पण आपण एक पाऊल टाकलं की खोलीतल्या प्रत्येक वस्तूची आपल्यापासूनची दिशा बदलते, अंतर बदलतं, तेही सारखं नाही, जवळची खुर्ची झपकन बाजूला जाते आणि लांबचं कपाट जेमतेम हलतं. नुसती मान नाही तर अख्खं अंग वळवलं की सगळंच्या सगळं एकदम फिरतं. आणि डोळ्यांना काही दिसत नसताना हा हिशोब चालू राहतो.

दुसऱ्या दिवशी भाचीवर प्रयोग केला, ती बारा वर्षांची आहे आणि अशा गोष्टींना कायम तयार असते. तिला खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवलं, आजूबाजूला नीट बघून घे म्हटलं आणि मग डोळे मिटायला लावले. दार कुठे? बोट गेलं दाराकडे. खिडकी? खिडकीकडे. कपाट? बरोबर. मग म्हटलं, आता बसल्या जागेवरून हलू नको, नुसती कल्पना कर की तू कपाटाकडे तोंड करून बसली आहेस, तर दार कुठे येईल ते दाखव. हात वर गेला, थांबला, डावीकडे गेला, परत आला. "मावशी थांब ना, मला आधी कपाट फिरवायला लागतंय." हे मला फार आवडलं, कारण नेमकं हेच होतं, मनात अख्खी खोली उचलून फिरवावी लागते. मग डोळे मिटलेले ठेवूनच तिला स्टुलावर खरोखर कपाटाकडे वळवलं आणि तोच प्रश्न विचारला तर माझं वाक्य संपायच्या आत बोट दाराकडे.

हे शास्त्रज्ञांनी रीतसर करून बघितलेलं आहे. जॉन रीझर यांचा १९८९ चा अभ्यास यावरचाच, मनातल्या मनात वळायचं असेल तर कोन जितका मोठा तितका वेळ जास्त लागतो आणि चुकाही वाढतात, पण न वळता नुसतं सरकून दुसऱ्या जागी गेलो अशी कल्पना करणं त्यामानाने बरंच सोपं जातं. म्हणजे खरी गोम वळण्यात आहे. आणि १९९८ मध्ये फॅरेल आणि रॉबर्टसन यांनी उलट बाजूने विचारलं, माणसांना डोळे बांधून खरोखर वळवलं आणि सांगितलं की आता तुम्ही वळलाच नाहीत असं धरून वस्तू दाखवा. तेही जड गेलं, जवळपास कल्पनेत वळण्याइतकंच जड! म्हणजे शरीर वळलं की हिशोब आपोआप पुढे सरकतो, आपली परवानगी घेत नाही आणि "नको सरकू" म्हटलं तरी ऐकत नाही. माझ्यासाठी या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

हा हिशोब येतो कुठून? बराचसा कानातून. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांच्यात द्रव असतो आणि डोकं वळलं की नळी फिरते पण द्रव क्षणभर मागे राहतो, त्या मागे राहण्यावरून मेंदूला कळतं किती आणि कुठे वळलो ते. शेजारीच पुढेमागे, वरखाली वेग बदलल्याचं सांगणारे दुसरे अवयव असतात. शिवाय पायांचे स्नायू, सांधे आणि मेंदूने स्वतःच "टाक पाऊल" म्हणून दिलेली ऑर्डर, हे सगळं मिळून बेरीज चालू असते. स्क्रीनवर फक्त हलणारं दृश्य बघत वळलं तर यातलं काहीच मिळत नाही, म्हणून गेममध्ये बटण दाबून चारदा वळल्यावर आपण कुठून आलो तेच समजेनासं होतं, आणि डोळ्यांवर व्हीआरचा (आभासी जग दाखवणारा) हेडसेट लावून स्वतः अंग वळवलं की बरंच सुधारतं.

टेबलाचा एक प्रयोग आहे, १९९८ चाच, सायमन्स आणि वँग यांचा. गोल टेबलावर पाच वस्तू, बघून घ्यायच्या, मग पडदा आणि पडद्यामागे एक वस्तू हलवलेली. कधी बघणारा चालत दुसऱ्या बाजूला जातो, कधी तो जागेवरच आणि टेबल तेवढंच फिरवलेलं. डोळ्यांना दिसणारा बदल दोन्हीकडे सारखाच, पण स्वतः चालत गेलेल्यांना हललेली वस्तू जास्त चांगली ओळखता येते. स्वतःच्या चालण्याचा हिशोब फुकटात मिळतो, टेबलाच्या फिरण्याचा मिळत नाही, मी तर असंच समजते.

आणि हे फक्त माणसांचं नाही बरं का. सहारा वाळवंटातली एक मुंगी खाणं शोधत वेडीवाकडी भटकते आणि सापडलं की सरळ रेषेत बिळाकडे निघते. २००६ मध्ये संशोधकांनी खाण्यापाशी पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांचे बारीक टेकू चिकटवून पाय लांब केले आणि काहींचे आखूड केले. १० मीटर परत यायचं होतं, लांब पायवाल्या साधारण १५ मीटरपर्यंत पुढे निघून गेल्या आणि आखूड पायवाल्या ६ मीटरच्या आतच बीळ शोधायला लागल्या. म्हणजे मुंगी पावलांचा हिशोब ठेवत होती!

मेंदूत जागेनुसार पेटणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरात सापडल्या, मोझर दांपत्याच्या गटाला २००५ मध्ये षटकोनी जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या आणि २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मला विचाराल तर या गोष्टीत खरा मान आणखी एका प्रकारच्या पेशींचा, ज्या डोकं ठराविक दिशेला असेल तेव्हाच पेटतात. अंधारातही पेटतात. फक्त अंधारात वेळ गेला की हळूहळू त्यांची दिशा घसरत जाते.

ही घसरण महत्त्वाची आहे. प्रत्येक पावलाला बारीक चूक होते आणि ती पुढच्या पावलात जमा होते, चुका पुसल्या जात नाहीत, साचत जातात. २००९ च्या एका अभ्यासात डोळे बांधून सरळ चालायला सांगितलेली माणसं गोल गोल फिरायला लागली, काही वेळा तर जेमतेम २० मीटर व्यासाच्या वर्तुळात, आणि आपण सरळच चाललोय असं वाटत असताना. मग परवा मी कशी पोचले? आता कळतं की ती खुर्ची. मला वाटत होतं खुर्ची मधे आली म्हणून वळसा घालावा लागला, पण हात तिच्या पाठीवर टेकला त्या क्षणी चार पावलांत साचलेली सगळी चूक पुसली गेली आणि हिशोब नव्याने सुरू झाला. मोबाईलपर्यंत मग उरलं होतं ते दोन पावलांचं अंतर.

भाचीला शेवटी मी फिरत्या खुर्चीवर बसवलं, डोळे मिटून, आणि एकाच वेगाने संथ फिरवत राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "थांबवलीस का?" थांबवली नव्हती. नळीतल्या द्रवाने नळीचा वेग गाठला होता, मागे राहणं संपलं होतं. मग खरंच थांबवली तर म्हणाली, "आता उलटी का फिरवतेस?" दार दाखव म्हटलं. तिने अगदी खात्रीने बोट केलं, ठाम, जसं आदल्या वेळी केलं होतं तसंच. डोळे उघडले तर समोर भिंत. बोट तिने काही वेळ खाली घेतलंच नाही, भिंतीकडे बघत राहिली आणि मग हळूच मान वळवून दार शोधलं.