मागितल्याशिवाय मिळत नाही

लहानपणी कुणाकडे गेलं की आईची ताकीद असायची, समोर आलं तर खा पण मागायचं नाही. चाळिशी उलटली तरी ती ताकीद काही अंगातून गेली नाही आणि इंग्लंडात विंचेस्टरला सेंट क्रॉसच्या दारात नेमकी तीच आडवी आली. तिथे वाटसरूला ब्रेडचा तुकडा आणि घोटभर बिअर फुकट मिळते, पण पोर्टरकडे, म्हणजे दारावरच्या माणसाकडे, जाऊन तोंडाने मागावी लागते. आपण होऊन कुणी देत नाही.

नाव हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस, पण पेशंट शोधू नका, जुन्या अर्थाने हॉस्पिटल म्हणजे आसरा. 1130 च्या दशकात हेन्री ऑफ ब्लॉइस नावाच्या बिशपने हे सुरू केलं, हा राजा स्टीफनचा भाऊ. तेरा गरीब, थकलेल्या पुरुषांना राहायला जागा आणि रोज आणखी शंभर जणांना जेवण, म्हणजे आपलं सदावर्तच की! ते शंभर जण जिथे जेवायचे त्या हॉलमध्ये आता टीरूम आहे, आम्ही तिथे पैसे मोजून चहा घेतला, असो.

चर्च भारी आहेच, जाडजूड दगडी भिंती, वर दगडाचंच छत, पण मी अडकले ती धुराड्यांपाशी. अंगणाच्या एका बाजूला दुमजली घरांची लांब रांग आणि तिच्यावर उंचच उंच धुराडी, ओळीने. ही घरं पंधराव्या शतकात कार्डिनल, म्हणजे बडा धर्मगुरू, बोफोर्टने बांधली. एकेका जिन्यावर चार बिऱ्हाडं, अगदी चाळीची आठवण येते, पण प्रत्येकाची खोली वेगळी, शेगडी वेगळी. परिस्थितीने खाली आलेल्या माणसाला त्या काळात स्वतःचं दार आणि स्वतःची ऊब द्यायचं कुणालातरी सुचलं हेच मला मोठं वाटलं, आणि बोफोर्टने या रहिवाशांच्या संघाचं नावही काय ठेवलं तर ऑर्डर ऑफ नोबल पॉव्हर्टी, म्हणजे सन्मानाची गरिबी! आजही तिथे म्हातारे रहिवासी राहतात, त्यांना ब्रदर म्हणतात, बिशप हेन्रीच्या संघातले काळ्या झग्यात, बोफोर्टवाले लाल.

मध्ये एक मास्टर, म्हणजे संस्थेचा प्रमुख, मात्र असा आला की विचारू नका, अर्ल ऑफ गिलफोर्ड, 1808 पासून जवळजवळ पन्नास वर्षं संस्थेचं उत्पन्न खात बसला, ते पद त्याला मिळालं वडिलांकडून, वडील तिथले बिशप. शेवटी 1853 मध्ये कोर्टाने झापलं. त्याला कुणाच्या आईने काही शिकवलेलं दिसत नाही.

निघता निघता नवरा म्हणाला, जा की, माग. मी पोर्टरपाशी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा कसंबसं पुटपुटले, त्याने ना नाव विचारलं ना गाव, शिंगाच्या छोट्या कपात बिअर ओतली आणि ब्रेडचा एवढासा तुकडा पुढे केला. मी सवयीने उजव्या तळव्याखाली डावा हात धरला आणि प्रसाद घेतात तसा तो घेतला.