काऊ-चिऊच्या गोष्टीत ऊन पडलं तेव्हा

जावळी तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र, मुलं 17. जूनअखेरीला मी फळ्यावर गोष्टीचे घटक लिहिले : पात्र, स्थळ, काळ, घटना, शेवट. अर्थ सांगितले, मुलांनी वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "स्थळ म्हणजे काय?" एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमच्या ताईला आलंय ते." पात्र म्हटल्यावर दोघांनी नदीचं पात्र सांगितलं. उत्तरं बरोबरच होती. मी शब्द आधी दिले होते आणि गोष्ट मागे ठेवली होती.

फळा पुसला आणि म्हातारी-भोपळ्याची गोष्ट घेतली. ती सगळ्यांना पाठ. मी मुद्दाम वाघ गाळला. म्हातारी निघाली, लेकीकडे पोचली, तूपरोटी खाल्ली, भोपळ्यात बसून टुणुक टुणुक परत आली. "बाई, वाघ राहिला!" असा गलका झाला. मी म्हटलं, "नसला वाघ तर काय बिघडलं?" जरा वेळ कुणीच बोलेना. मग मागून आवाज आला, "काहीच बिघडत नाही, म्हणून तर ती गोष्ट होत नाही." हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर पुसलं नाही. तेव्हापासून कुठलीही गोष्ट झाली की मुलंच विचारतात, "यात बिघडलं काय?"

मग घरी जाऊन काऊ-चिऊची गोष्ट आजीकडून ऐकून यायला सांगितलं. एकीच्या आजीचा काऊ तव्याचा चटका बसून पळाला, दुसऱ्याच्या आजीचा कोपऱ्यात बसून कुडुम कुडुम फुटाणे खात राहिला, एका घरी चिऊनं दार उघडलंच नाही. खरी गोष्ट कुणाची यावर भांडण जुंपलं. त्यात तीन तास गेले, मी जाऊ दिले. सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्यावर मुलांच्याच लक्षात आलं : शेण, मेण, पाऊस आणि बंद दार कुणीच बदललेलं नाही, शेवट मात्र प्रत्येक आजीचा वेगळा. शेवट हा शब्द मला समजावून सांगावाच लागला नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता. चौथीतला एक मुलगा, एरवी अजिबात न बोलणारा, म्हणाला, "बाई, हे उन्हाळ्यात झालं असतं तर चिऊचं घर वितळलं असतं."

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मेणाचं घर पावसात टिकतं, उन्हात नाही. ऋतू बदलला की दाराबाहेर कोण उभं राहणार तेही बदलतं. काळ म्हणजे काय, ते मी त्याच वेळी सांगितलं, आणि या वेळी ते पोचलं. मग चिऊ काऊच्या दारात आली तर तो उघडेल का? वर्गात दोन तट पडले. "तिनं थांबवलं, आता हाही थांबवेल," असं एका बाजूचं म्हणणं. दुसरीकडून एक मुलगी म्हणाली, "तो भिजलाय ना एकदा, त्याला माहितीये." पात्राचा स्वभाव यापेक्षा चांगला मला शिकवता आला नसता.

गोष्ट ज्यानं त्यानं आपापली लिहायची ठरली. त्या मुलानं दीड पान लिहिलं. त्यात काऊ दार उघडतो, पण आधी आतून विचारतो, "चिऊताई, बाळाची आंघोळ झाली का?"