सरकार श्रीमंत झालं, पण कसं?

मी सरकारच्या ताळेबंदाचं काम करतो, म्हणजे सरकारकडे काय काय आहे (रस्ते, जमिनी, इमारती, कंपन्यांतले शेअर्स, रोकड) आणि देणं काय काय आहे (कर्ज, कर्मचाऱ्यांची पेन्शन), दोन्हीतला फरक म्हणजे नेट वर्थ, आणि तो वर्षभरात का बदलला हे सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं.

त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फाइल वर पाठवायची होती आणि दुपारी तीनला ताळा जुळत नव्हता. नियम साधा आहे, सुरुवातीची शिल्लक अधिक वर्षभरातले व्यवहार अधिक इतर बदल, म्हणजे भाव वरखाली होणं, पुरात पूल वाहून जाणं वगैरे, बरोबर शेवटची शिल्लक. आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) सरकारी हिशोबांवरच्या 2014 च्या मॅन्युअलमध्येही हाच सांगाडा आहे. आमच्याकडे मात्र शेवटच्या शिल्लकेपेक्षा हिशोब जास्त दाखवत होता आणि फरकाच्या ओळीत शून्याऐवजी एक मोठा आकडा बसला होता.

तासभर शोधलं. मग सहज तो आकडा कॉपी करून सगळ्या शीट्समध्ये सर्च केला तर जमीन विक्रीच्या शीटमध्ये पैशासकट तोच सापडला! समजा बुकात 60 ची जमीन 100 ला विकली. वरचे 40 म्हणजे भाववाढीचा फायदा, ते इतर बदलांत जातात, आणि जमीन जाऊन रोकड आली ही नुसती अदलाबदल, उत्पन्न नाहीच. आमच्या एकाने 40 उत्पन्नात टाकले आणि दुसऱ्याने भाववाढीतही टाकले. (दुसरा मीच होतो, पण माझी एन्ट्री बरोबर होती हं.) उत्पन्नातले काढले, फरक शून्य. पण त्यामुळे वर्षाची चालू तूट आणखी वाढली.

खरी गंमत पुढेच. तूट वाढली आणि तरी नेट वर्थ वाढलेलंच! आमच्या वरिष्ठ मॅडम खूश, म्हणाल्या, "अरे मग पहिल्या ओळीत टाक ना, नेट वर्थ सुधारलं." मी म्हटलं मॅडम, थांबा जरा, हे आलं कुठून ते बघू. पेन्शनच्या शीटमध्ये गेलो. व्याजदर वाढले म्हणून हिशोबाचा डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे द्यायच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, 3 वरून 4 टक्के केला होता, बस एवढंच. 20 वर्षांनी द्यायचे 100 आज 3 टक्क्यांनी 55 च्या आसपास होतात, 4 टक्क्यांनी 46 च्या आसपास. एकाही माणसाची पेन्शन एका पैशाने कमी झाली नाही, एकही जास्तीचा पैसा तिजोरीत आला नाही, आणि देणं कागदावर सहाव्या हिश्शाएवढं उतरलं!

मॅडम म्हणाल्या, "पण खोटं तर नाही ना?" खोटं नाहीच, हाच तर वांधा आहे, आकडा बरोबर आहे आणि वाचणारा चुकीचं समजणार. मी न्यूझीलंडचं उदाहरण दिलं, ते 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून पूर्ण ताळेबंद छापतात आणि अशा नफ्या-तोट्यांआधीची शिल्लक मुद्दाम वेगळी दाखवतात. थोडी वादावादी झाली. शेवटी साडेपाचला मॅडमनी स्वतः पहिली ओळ खोडली आणि लिहिलं, "व्यवहारांमुळे नेट वर्थ घटलं, डिस्काउंट रेट बदलल्यामुळे त्याहून जास्त वाढलं." पाच पन्नासला फाइल गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरून फोन, तूट आहे आणि श्रीमंतही झालो हे एकाच वाक्यात कसं काय, आणि रेटचा उल्लेख तळटीपेत नाही का टाकता येणार? मॅडमनी नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी रेट परत खाली आला आणि कागदावरची ती सगळी श्रीमंती गेली. त्या वेळी वरून फोन आला तो असा, की रेटचं जे आहे ते पहिल्याच ओळीत येऊ द्या, ठळक अक्षरात.