ई-मेलमधून उभी राहिलेली रचना

ड्रमवादकाने बिग बँड, म्हणजे जॅझचा मोठा वाद्यवृंद, चालवावा, यात नवे काही नाही. न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये १९३० च्या दशकात चिक वेब यांचा वाद्यवृंद गर्दीला नाचवत असे आणि पुढे जीन क्रूपा व बडी रिच यांनी तर ड्रमवादनालाच कार्यक्रमाचे मुख्य आकर्षण केले. त्यामुळे अमेरिकन ड्रमवादक व रचनाकार जॉन हॉलनबेक यांच्या लार्ज एन्सेंबल या वाद्यवृंदाचा २०१८ सालचा ‘ऑल कॅन वर्क’ हा अल्बम मी पहिल्यांदा लावला, तेव्हा लांबलचक ड्रमवादनाची वाट पाहत बसले होते. ते आले नाही, आणि त्याची उणीवही भासली नाही.

हॉलनबेक मुळात संगीतकाराच्या वृत्तीने ड्रम वाजवतात. जॅझ रचनाकार बॉब ब्रुकमायर यांच्याकडे ते शिकले आणि गायिका-रचनाकार मेरेडिथ मंक यांच्याबरोबर त्यांनी काम केले. या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखनात ऐकू येतात. तबल्याच्या एकलवादनात पेटी लेहऱ्याची तीच ओळ फिरवत राहते आणि तिच्या आधाराने तबला बोलतो. येथे पुष्कळदा फुंकवाद्येच अशा फिरत्या ओळी धरतात, त्या एकमेकींवर चढत जातात, आणि लय कोण सांभाळत आहे हे शोधता शोधता आपण मूळ प्रश्नच विसरून जातो. लय सगळ्यांमध्ये वाटून टाकण्याचा हा धीटपणा मला ड्रमच्या कुठल्याही आतषबाजीपेक्षा मोठा वाटतो.

‘एल्फ’ ही रचना याच दृष्टीने मी पुन्हा पुन्हा ऐकते. ड्यूक एलिंग्टन यांचे सहकारी रचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांची ‘इस्फहान’ ही प्रसिद्ध चीज, जी जॉनी हॉजेस यांच्या अल्टो सॅक्सोफोनमुळे अजरामर झाली, तिचे मूळ नाव ‘एल्फ’ होते. एलिंग्टन यांचा वाद्यवृंद १९६३ साली पश्चिम व दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर निघाला, मुंबईतही वाजवून गेला, आणि त्या प्रवासातून पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचनामालिका जन्माला आली; पण ही धून दौऱ्याआधीच तयार होती, इराणमधल्या शहराचे नाव तिला नंतर मिळाले. हॉलनबेक यांनी ते जुने नाव परत आणले आणि ओळखीच्या सुरावटीचे धागे सोडवून त्यांतून वेगळेच वस्त्र विणले.

ट्रम्पेटवादक केनी व्हीलर यांच्या १९७५ च्या ध्वनिमुद्रणातील ‘हेयोके’ची मांडणीही येथे आहे. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या ‘द मॉडेल’ची मांडणी मात्र मला या संग्रहात थोडी उपरी वाटते.

माझा जीव जडला आहे तो शीर्षकरचनेवर. ती ट्रम्पेटवादक लॉरी फ्रिंक (१९५१–२०१३) यांच्या आठवणीत आहे. फ्रिंक जेरी मलिगन, मारिया श्नायडर आणि स्वतः हॉलनबेक यांच्या वाद्यवृंदांत वाजवत असत. त्याहून अधिक त्यांची ख्याती शिक्षिका म्हणून होती. त्यांचे गुरू कारमाइन करूसो यांच्याकडून मिळालेली पद्धत त्यांनी पुढे नेली, आणि डेव्ह डग्लस यांच्यापासून अँब्रोज अकिनमुसिरे यांच्यापर्यंत कितीतरी वादक त्यांच्याकडे शिकले. ट्रम्पेटमध्ये ओठांची ठेवण आणि श्वास बिघडला की वादकाचे सगळेच अडते, म्हणून अशा गुरूचे स्थान किती मोलाचे असते, हे बासरी किंवा सनई शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

त्यांच्या निधनानंतर हॉलनबेक यांनी शोकगीत लिहिले नाही. फ्रिंक यांनी पाठवलेल्या ई-मेलमधला मजकूर घेऊन त्यांनी तो गायक थिओ ब्लेकमन यांच्या आवाजासाठी बांधला. ‘ऑल कॅन वर्क’ याचा अर्थ ‘सगळ्यांना जमेल’ असा घ्यावा, की ‘सगळे जमून येईल’ असा, हे मी अजून ठरवलेले नाही. एरवी वाचून पुसून टाकावा असा मजकूर ब्लेकमन यांच्या स्वच्छ, निर्लेप आवाजात येतो, तेव्हा शब्दाशब्दाला वजन चढत जाते. गायक कुठेही गहिवर आणत नाही आणि म्हणूनच ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. त्या आवाजाभोवती ट्रम्पेट्स वाजू लागतात तेव्हा माझे लक्ष दर वेळी त्याच रांगेकडे जाते, कारण फ्रिंक याच वाद्यवृंदात, याच रांगेत बसून वाजवत असत.