बाखमुत कोणत्या प्रभागातून?

निदर्शनाच्या परवानगीच्या अर्जात मी लिहिलं, 'युद्धाच्या विरोधात.' पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "म्हणजे रशियाच्या का अमेरिकेच्या?" म्हटलं, लढाईच्याच. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मुर्दाबाद कोणाला म्हणणार मॅडम?" घोषणाच नाहीत म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. एक तास, पंधरा माणसं, भोंगा नाही, रस्ता अडवायचा नाही. आमची माणसं अकराच, त्यामुळे अट जड गेली नाही.

आधी तेरा होतो. ते सांगतेच.

युक्रेनवर हल्ला झाला २४ फेब्रुवारी २०२२ ला, म्हणून दर महिन्याच्या २४ तारखेला संध्याकाळी संविधान चौकात उभं राहायचं, एवढं पटकन ठरलं. पाट्यांवर काय लिहायचं यात तीन बैठका गेल्या. 'युद्ध नको, बुद्ध हवा' हे नागपुरात कोणालाही पटेल, पण इतक्यांदा वाचलंय की सिग्नलवरचा माणूस आता ते वाचतच नाही. मग मी १९६९ ची गोष्ट काढली. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध त्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनमध्ये हजारो लोक रात्रंदिवस एकामागे एक चालले. प्रत्येकाजवळ एक पाटी, तिच्यावर मेलेल्या एका अमेरिकन सैनिकाचं किंवा उद्ध्वस्त झालेल्या व्हिएतनामी गावाचं नाव. व्हाइट हाउससमोर आलं की ते नाव मोठ्यानं म्हणायचं, शेवटी पाटी शवपेटीत ठेवायची. बस.

आम्ही फक्त गावं घेतली. युक्रेनमधली मारियुपोल, बाखमुत, अवदिवका. एक काका म्हणाले, बेलगोरोदही लिहा, तिथंही गोळे पडले, माणसं मेली. ते रशियातलं शहर. त्यावरून जे पेटलं, दोघं चहा अर्धा टाकून उठून गेले ते परत आले नाहीत. मला अजून वाटतं काकांचं बरोबर होतं. पाटी केली.

पहिल्याच दिवशी एक ऑटोवाला थांबला. "ताई, हे बाखमुत कोणत्या प्रभागातून उभे हायेत?" मी हसू दाबलं, त्याला सांगितलं. "बरं," म्हणाला आणि सिग्नल सुटला. त्याच्यामागे कॉलेजचा एक पोरगा होता, त्याचा प्रश्न नेहमीचाच: "आपल्याले काय करायचं त्यांचं?" मी आकडा सांगितला. रशियाच्या सैन्यात गेलेल्यांपैकी १२ भारतीय मेले, १६ बेपत्ता आहेत, हे आपल्याच परराष्ट्र मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलेलं. पोरगा थोडा गप्प झाला.

खरं उत्तर मी त्याला दिलंच नाही. मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीच्या क्वार्टरमध्ये वाढले. बाबा टर्नर. गोळ्याचं रिकामं कवच लेथवर कातायचं, बारूद भरायला भद्रावतीसारख्या दुसऱ्या कारखान्यात. त्यांच्या शर्टाला कायम कूलंटचा वास. त्याच पगारावर मी शिकले, आणि लेथवरच्या माणसाला गोळा कोणाच्या अंगणात पडणार ते कधी कळत नाही. हे चौकात उभं राहून कसं सांगायचं?

बाबांना पाट्यांचं सांगायला मी घाबरत होते. दुसऱ्या महिन्यात त्यांनी पाट्या व्हरांड्यात रचलेल्या पाहिल्या. बराच वेळ बेलगोरोदची पाटी हातात धरून बसले. मग आत जाऊन कानस घेऊन आले.

"काठ्यांना कुसळं आहेत," म्हणाले. "तासभर धरायच्या तर हाताला लागतील."

अकराही काठ्या त्यांनी घासून दिल्या.