न खपलेल्या पंपांचा उन्हाळा

यंदा एप्रिलमध्ये मी कूलरचे साठ पंप भरून ठेवले होते. मे उजाडला आणि पहिल्याच आठवड्यात अवकाळीने जो फेर धरला तो महिनाभर सोडेचना. 26 मे 2025 ला तर मुंबईत मान्सूनच येऊन दाखल झाला. साठातले अकरा पंप गेले. ताडपत्री मात्र दोनदा मागवावी लागली, कारण दिंडोरीकडच्या लोकांचा कांदा उघड्यावर पडलेला. ताडपत्री न्यायला आलेल्यांची तोंडं बघितल्यावर पंपांबद्दल कुरकुर करायची लाज वाटायची.

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानाचं शटर दुपारी एक ते चार अर्धं खाली असतं. एरवीच्या मे महिन्यात ते अर्धंही राहत नाही, शटरखालून वाकून लोक ओरडतात, "शेठ, पंप आहे का?" यंदा कोणी ओरडलं नाही. व्हाइट सिमेंटच्या गोण्यांवर पाठ टेकून मी चार पुस्तकं हाताळली. वाचली म्हणत नाही, त्यातलं एक अर्धवट आहे. मी काही मोठा वाचक नाही. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. तिथलं सभासदत्व वडिलांपासून चालू आहे आणि वर्गणी वाया जाऊ नये हाही वाचण्यामागचा एक हेतू आहे, खोटं कशाला बोला.

20 मे ला जयंत नारळीकर गेले. 2021 च्या डिसेंबरात आपल्याकडे साहित्य संमेलन झालं तेव्हा ते अध्यक्ष होते, पण तब्येतीमुळे येऊ शकले नव्हते. मी तेव्हा आडगावला गेलो होतो, पुस्तकांच्या गाळ्यांवर दोन तास फिरलो आणि भजी खाऊन परत आलो. नारळीकरांचं काही विकत घेतलं नाही. आता ते गेल्यावर त्यांच्या विज्ञानकथा काढल्या, हे काही फार चांगलं लक्षण नव्हे, पण तसं झालं खरं.

त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' मला भयंकर आवडली. माणसाची आरशातल्यासारखी उलटापालट होते, डावं ते उजवं होतं, ही त्यातली कल्पना. हे समजायला गणित लागत असेल, मला टेबलफॅन पुरला. टेबलफॅनच्या पात्यापुढचा जो प्लॅस्टिकचा नट असतो, त्याचे आटे उलटे असतात. पातं फिरतं त्याच्या नादाने साधा नट सैल होऊन उडाला असता, म्हणून. गिऱ्हाईक घरी नेहमीसारखा पिळतो, आटे मारतो आणि दुकानात येऊन माझ्याशी भांडतो. आता, साधा नट आरशासमोर धरा. आरशात उलट्या आट्यांचा नट दिसतो! तो हातातला नट कितीही फिरवा, उलटा करा, पालथा करा, आरशातल्यासारखा होत नाही म्हणजे नाही. तीस वर्षं नट विकतोय, ही गंमत मला एका खगोलशास्त्रज्ञाने दाखवली. त्या दुपारी मी गल्ल्याच्या आरशासमोर नट धरून बसलो होतो आणि पोऱ्या माझ्याकडे बघत होता.

पण एक सांगतो, कल्पना सोडली तर त्यांच्या कथांमधली माणसं मला फारशी लक्षात राहिली नाहीत. सगळेच हुशार, सगळेच शांतपणे समजावून सांगणारे. एखादा तरी चिडका, हिशोबात घोळ घालणारा हवा होता. मोठ्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण मी काय, गोणीवर बसलेला वाचक.

रंगनाथ पठारे यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' हेच ते अर्धवट राहिलेलं. एका कुळाचा सातेकशे वर्षांचा पट आहे. दोष पुस्तकाचा नाही, माझ्या मनगटाचा आहे. आडवं पडून वाचण्यासारखं ते वजन नाही, आणि दोन दिवस खंड पडला की कोणाचा आजा कोण ते पुन्हा मागे जाऊन बघावं लागतं. पानांत टेफ्लॉन टेपचा तुकडा खूण म्हणून ठेवलाय. दिवाळीनंतर बघू.

कृष्णात खोत यांचं 'रिंगाण' त्या मानाने लहानसं. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार म्हणून घेतलं. धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला परत त्या रानात गेलेला माणूस. बोली कोल्हापूरकडची. सुरुवातीची वीस पानं माझी नाशिकची जीभ अडखळली. मग दुकानात कोणी नाही बघून मोठ्याने वाचायला लागलो आणि रस्ता मोकळा झाला. म्हैस आणि माणूस समोरासमोर येतात तिथे मी चहा गार होऊ दिला. आपण गंगापूर धरणाचं पाणी पितो. त्याच्या पोटात काय काय गेलं असेल, हे पन्नाशीपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

आता चौथं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. हे मी वाचलेलं आहे, असं मी इतकी वर्षं समजत होतो. शाळेत एक उतारा होता, सर हसले होते, आम्ही हसलो होतो. तेवढ्या भांडवलावर चारचौघांत 'वा, काय पुस्तक आहे' असं मी किमान तीनदा म्हटलेलं आहे.

पहिल्याच पानांत जलालपूर आलं आणि मी उठून बसलो. जलालपूर माझ्या चलनबुकात आहे! गंगापूर गावाच्या अलीकडे-पलीकडे आमचा टेम्पो पीव्हीसी पाइप टाकायला महिन्यातून दोनदा जातो. तिथे 1868 साली ही बाई जन्मली, आणि मला त्या गावाची ओळख काय, तर उधारी वेळेवर देणारं गाव.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही. हे सगळं बाई इतक्या खुसखुशीतपणे सांगतात की हसू आवरत नाही. रात्री जेवण झाल्यावर मी तो भाग आईला वाचून दाखवला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी वाचता वाचता हसत होतो. आई हसेना. मला वाटलं, ऐकू येत नाहीये. आवाज चढवला तर म्हणाली, "ऐकू येतंय मला. एवढं धुवायला पाणी कोण भरत होतं, ते बघ की."

मी परत पहिल्यापासून वाचायला घेतलं. खरंच, आईचं बोट बरोबर जागी होतं. पुढे लक्ष्मीबाईंचे यजमान, नारायण वामन टिळक येतात. मोठा कवी, मोठ्या मनाचा माणूस, घरातलं काहीही कोणालाही देऊन मोकळा होणारा. पूर्वी मला या माणसाचं कौतुक वाटलं असतं. आता प्रत्येक वेळी दिलेली वस्तू कोणाच्या फडताळातली होती, तिकडे लक्ष जायला लागलं. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, आणि पुढची पाचेक वर्षं ही बाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन वेगळी राहिली. ते सांगतानाही आवाज चढत नाही, रडगाणं नाही, नवऱ्याबद्दलची माया तसूभर कमी नाही, आणि तरी एक गोष्ट लपवलेली नाही. हे कसं जमलं असेल मला कळत नाही. मी गिऱ्हाइकाने परत आणलेल्या नटाबद्दल सांगतानासुद्धा स्वतःची बाजू आधी मांडतो.

एका रविवारी पाऊस थांबलेला बघून स्कूटर काढली आणि जलालपूरला गेलो. काही शोधायला नाही. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी थोडा वेळ उभा राहिलो. पाणी गढूळ होतं. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने हाक मारली, "शेठ, तुम्ही इकडे? बिलाचं काही राहिलंय का?" पुस्तकाचं सांगितलं असतं तर त्याला पटलं नसतं. म्हटलं, "नाही, सहज." त्याने चहा पाजला.

पुस्तकाची मुदत आठ दिवसांपूर्वी संपली. पण ते सध्या आईच्या उशाशी आहे. भिंग घेऊन रोज चार पानं वाचते. काल म्हटलं, "आई, दंड पडतोय, परत करतो." तर म्हणाली, "थांब. लक्ष्मी अजून बहिणीकडेच आहे."