पेटीतलं ते एक मत

२०२४ च्या विधानसभेला मी एका लहान गावात मतदान केंद्राध्यक्ष होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक थेट त्या घरापर्यंत पोचतील.

गाव जुन्या वळणाचं. तिथे मत घराचं धरतात आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. पुरुष सकाळीच मत देऊन जातात. बायका स्वयंपाक आवरून जावा-जावा, सासू-सुना अशा एकत्र येतात, बरोबर घरातला कुणीतरी पुरुष. पोलिंग एजंट यादीवर खुणा करत बसलेले असतात. कोणत्या गल्लीतली किती मतं कुणाला, हे ते मतदानाआधीच सांगतात, आणि वेगवेगळ्या पक्षांच्या एजंटांचे अंदाजही फारसे वेगळे नसतात.

अभिरूप मतदान, सीलं, पाकिटं यांबद्दल लिहीत नाही, पण मतदान कक्षाबद्दल लिहिते, कारण त्याच्यावर मी मेहनत घेतली होती. शिपायाने पुठ्ठ्याचा तो आडोसा खिडकीसमोर लावला होता. व्हरांड्यात उभ्या माणसाला मतदाराचा हात वर जातो की खाली, एवढं नक्की दिसलं असतं. मी टेबल भिंतीच्या कोपऱ्यात घेतलं, खिडकी बंद केली, व्हीव्हीपॅटवर (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रावर) थेट दिव्याचा उजेड पडत नाही ना ते बघितलं, आणि एजंटांच्या बाकावर बसून काय दिसतं तेही पाहिलं. आमच्या प्रशिक्षणात फॉर्म भरण्यावर तासन् तास जातात, या गोष्टीवर दोन वाक्यं.

दुपारी एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आले.

"मॅडम, आईला दिसत नाही. बटण मी दाबतो."

अंध किंवा अपंगत्वामुळे स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. सोबती १८ वर्षांवरचा हवा, त्याने प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. मी सोबत्यांची नोंद असलेली १४ ए ची यादी उघडली. हेच गृहस्थ सकाळी काकूंबरोबर आत गेले होते. तसं सांगितल्यावर म्हणाले, "मग माझा मुलगा जाईल." मुलगा मागे उभाच होता.

एक एजंट बाकावरून बोलला, "जाऊ द्या हो मॅडम, त्यांच्या घरचं मत ठरलेलंय." माझे पहिले मतदान अधिकारीही मला डोळ्यांनी तेच सांगत होते. माणूस अनुभवी, पण रांग वाढली की नियम सैल करणारा. असे सहकारी सगळ्यांना आवडतात आणि मतदाराला तेच महागात पडतात.

आमच्याकडे पुठ्ठ्याचं नमुना मतदान यंत्र असतं. त्यावर खऱ्या उमेदवारांची नावं-चिन्हं नसतात. ते मी एजंटांसमोर आजींच्या पुढे धरलं आणि एक चित्र विचारलं. त्यांनी बोट ठेवलं. दुसरं विचारलं, तेही बरोबर. मग आपणहून म्हणाल्या, "हे खालचं पुसट छापलंय बघा."

"आजी, तुम्हाला छान दिसतंय. एकट्याच जा आत."

आजींचा मुलगा म्हणाला, "तिला लिहिता-वाचता येत नाही." ते कारण नियमात बसत नाही. चिन्हं त्यासाठीच असतात. मी बापलेकांना दाराबाहेर थांबायला लावलं.

आजींनी पदर नीट केला आणि आत गेल्या. कंट्रोल युनिटवर मत देणं सुरू असल्याचा लाल दिवा लागला. बराच वेळ लागलेलाच राहिला. एक एजंट मान उंचावून बघू लागला, त्याला मी खाली बसवलं. मत दिल्यावर चिठ्ठी व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद दिसते. मग बीप वाजला. त्यानंतरही आजी थोड्या थांबल्या. बाहेर आल्यावर कुणाकडे न बघता चालू लागल्या.

मतमोजणी २३ नोव्हेंबरला झाली. दोन दिवसांनी त्या एजंटाचा फोन आला. ज्या उमेदवाराला त्या केंद्रावर कुणी खिजगणतीतही धरलं नव्हतं, त्याला आमच्या पेटीत नेमकं एक मत होतं. (यंत्राला तिथे अजून पेटीच म्हणतात.) "म्हातारी आत बराच वेळ होती ना?" त्याने विचारलं. मतदानाच्या गुप्ततेचं कलम १२८ त्याला ऐकवलं आणि फोन ठेवला. ते मत कुणाचंही असू शकतं, एखाद्या नवमतदाराचं, नाहीतर चुकून दाबलेल्या बटणाचंही. पण गावाने आपलं उत्तर ठरवलं असणार.

मला याचाच राग येतो. आडोसा मी भिंतीकडे वळवू शकते, पण मोजणी प्रत्येक यंत्राची वेगळी होते आणि केंद्रवार आकडे सगळ्यांसमोर येतात. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायची सोय निवडणूक नियमांतल्या नियम ५९ ए मध्ये होती. यंत्रं आली आणि ती सोय गेली. १४ यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता, विधी आयोगाच्या २५५ व्या अहवालाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. माझ्या केंद्राचा आकडा मात्र २०२४ मध्येही सुटाच मोजला गेला.

त्या घरी पुढे काय झालं, मला माहीत नाही. चौकशी करावी असं अनेकदा मनात येतं. पण मी चौकशी केली की गावाच्या संशयावर शिक्कामोर्तब होईल, म्हणून अजून केलेली नाही.